पडदा न पाहता बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम : डेबियन १३चे परीक्षण

माझ्या लॅपटॉपचा पडदा कायम काळोखा असतो. उजेड शून्यावर आणून ठेवला की बॅटरी थोडी जास्त पुरते, आणि मला त्या उजेडाचा तसाही उपयोग नाही. माझे सारे काम कानांनी आणि दहा बोटांनी होते. त्यामुळे एखादी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी की न घ्यावी हे ठरवताना मी एकच गोष्ट तपासतो. पेन ड्राइव्ह लावल्यापासून पहिल्या लॉगिनपर्यंत, आणि पुढे कधी काही बिघडले तर ते दुरुस्त होईपर्यंत, यंत्र माझ्याशी बोलत राहते का, की मध्येच मुके होऊन मला कुणातरी डोळस माणसाला हाक मारायला लावते? या कसोटीवर मी गेल्या काही वर्षांत अनेक मुक्तस्रोत सिस्टीम्स वापरून पाहिल्या आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ प्रसिद्ध झाल्यानंतर तिच्यावर स्थिरावलो. हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे; इतरांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

लिनक्सकडे वळू पाहणाऱ्या दृष्टिहीन मित्रांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की कोणत्या डिस्ट्रिब्यूशनमधला (म्हणजे डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार रूपामधला) स्क्रीन रीडर, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, चांगला आहे. हा प्रश्न विंडोजच्या सवयीतून येतो, कारण तिथे जॉज आणि एनव्हीडीए यांच्यात खरोखरच निवड करायची असते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर तशी निवड जवळजवळ नाही. उबुंटू घ्या, फेडोरा घ्या, मिंट घ्या. वाचणारा एकच, तो म्हणजे ओर्का. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेला हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये नोम डेस्कटॉपचा भाग झाला आणि गेली बरीच वर्षे त्याचा मोठा भार जोनमेरी डिग्ज या एकट्या प्रोग्रामरच्या खांद्यावर आहे. ओर्का स्वतः पडदा पाहत नाही. आपल्या खिडकीत कोणते बटण आहे, कोणत्या चौकटीत खूण केलेली आहे, कर्सर कुठे आहे, ही माहिती प्रत्येक प्रोग्राम एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेमार्फत पुरवतो. ओर्का तिचे वाक्य बनवतो, स्पीच डिस्पॅचर ते आवाजाच्या इंजिनाकडे पोचवतो आणि ईस्पीक एनजी ते उच्चारते. साखळी सगळीकडे हीच आहे. मात्र तिच्या कड्या किती ताज्या आहेत, त्या इन्स्टॉलरमध्येच जोडून दिल्या आहेत का, लॉगिनच्या पानावर त्या चालू होतात का, आणि साखळी तुटली तर खाली दुसरा काही आधार आहे का, या बाबतींत डिस्ट्रिब्यूशन्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तो फरक मला पहिल्याच प्रयत्नात कळला. एका लोकप्रिय डिस्ट्रिब्यूशनच्या इन्स्टॉलरमध्ये मी ऑल्ट, सुपर आणि एस या कळा एकत्र दाबल्या, ओर्का लगेच बोलू लागला, भाषा निवडून झाली, कीबोर्ड निवडून झाला आणि मी वेळक्षेत्राच्या पानावर पोचलो. त्या पानावर जगाचा नकाशा होता आणि त्यावर माउसने टिचकी मारणे अपेक्षित होते. टॅब दाबावी तर ओर्का ‘पॅनेल’ म्हणे, पुन्हा दाबावी तर पुन्हा ‘पॅनेल’ म्हणे, आणि पुढे जाण्याचे बटण काही केल्या सापडेना. शेवटी भाच्याला बोलावले. त्याने दोन सेकंदांत काम केले आणि तो खेळायला निघून गेला. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच होता, की ही सिस्टीम पुन्हा बसवायची वेळ आली तर भाचा सुट्टीवर येईपर्यंत थांबावे लागेल.

डेबियनचे वेगळेपण इथूनच सुरू होते. पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू झाले की मेनू तयार झाल्याची खूण म्हणून बीप वाजते. (अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉप्समध्ये बीप ऐकू येत नाही, तिथे थोडे थांबून पुढे जावे.) मग एस ही कळ दाबायची आणि एंटर करायचे. काही क्षण शांतता असते, आणि त्यानंतर ईस्पीकचा तो ओळखीचा, यांत्रिक आवाज येतो. यंत्रात एकाहून अधिक साऊंड कार्डे असतील, म्हणजे एक स्पीकरचे आणि एक एचडीएमआयचे, तर इन्स्टॉलर पाळीपाळीने प्रत्येकावर बोलून पाहतो आणि ज्यावर आवाज ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. ही छोटी गोष्ट ज्याने सुचवली त्याने आवाज नसलेल्या यंत्रासमोर कधीतरी नक्कीच तासभर काढला असला पाहिजे.

पुढची सारी स्थापना मजकुराच्या रूपात होते. प्रश्न वाचला जातो, त्याखालचे पर्याय क्रमांकांसह वाचले जातात, आपण क्रमांक टाइप करून एंटर करतो. प्रश्नचिन्ह टाइप केले की मदत मिळते, ‘पेक्षा लहान’चे चिन्ह टाइप केले की एक पायरी मागे जाता येते. नकाशा नाही, ओढायची पट्टी नाही, कुठे आहोत याचा संभ्रम नाही. सर्वांत धास्तीची पायरी डिस्कच्या विभाजनाची असते, आणि तिथेही बदल डिस्कवर लिहायचे का या प्रश्नाचे मूळ उत्तर ‘नाही’ असे ठेवलेले आहे, त्यामुळे घाईत नुसते एंटर दाबले गेल्याने कुणाचा डेटा पुसला जात नाही. या मार्गाने स्थापना केली की आवाजाची सोय नव्या सिस्टीममध्ये आपोआप बसते. ती नंतर शोधत बसावी लागत नाही. बोलणारा इन्स्टॉलर डेबियनमध्ये २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे, आणि तो टिकवून ठेवण्याचे श्रेय सॅम्युएल थिबो यांच्यासारख्या स्वयंसेवकांना द्यायला हवे.

एक अडचण मात्र डेबियनच्याही हाताबाहेरची आहे. पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करण्यासाठी ज्या फर्मवेअर (यंत्राच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) मेनूत जावे लागते, तो मेनू जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपवर मुका असतो. तिथे बी माय आइज सारख्या अ‍ॅपवर स्वयंसेवकाला फोनच्या कॅमेऱ्यातून पडदा दाखवावा लागतो, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून कोणती कळ किती वेळा दाबायची हे लिहून घ्यावे लागते.

आवाजासंबंधीची आणखी एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात तत्त्वाचा आणि गरजेचा खरा झगडा झाला. डेबियनची भूमिका पूर्वीपासून अशी, की अधिकृत इन्स्टॉलरमध्ये केवळ मुक्त सॉफ्टवेअर असेल. परंतु अलीकडच्या अनेक लॅपटॉप्सच्या साऊंड कार्डला चालू होण्यासाठी स्वतंत्र, मुक्त नसलेले फर्मवेअर लागते, आणि ते इन्स्टॉलरमध्ये नसेल तर यंत्र बोलूच शकत नाही. डोळस माणसाला वायफायचे फर्मवेअर नसेल तर तो पडद्यावरचा संदेश वाचून ते दुसरीकडून आणतो. दृष्टिहीन माणसाला काय कमी आहे हेसुद्धा कळत नाही, कारण ते सांगणारा आवाजच गप्प असतो. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी या प्रश्नावर मतदान केले. त्याआधीच्या चर्चेत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची ही कोंडी मांडली गेली होती, आणि निर्णय असा झाला, की आवश्यक ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यावे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळते. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाबद्दल मला आदर आहे, तरीही हा निर्णय योग्य होता असे मी ठामपणे म्हणेन. जे स्वातंत्र्य ऐकूच येत नाही ते वापरायचे कसे?

डेस्कटॉप कोणता घ्यावा, याचे उत्तर २०२५ मध्ये बदलले. त्याआधी जाणकार दृष्टिहीन वापरकर्ते निःशंकपणे माटे हा डेस्कटॉप सुचवत, आणि त्याला कारण होते. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्राम कीबोर्डवरची प्रत्येक कळ ऐकू शकत असे, आणि ओर्काचे सगळे शॉर्टकट त्यावरच उभे होते. नव्या वेलँड व्यवस्थेने सुरक्षिततेसाठी हा दरवाजा बंद केला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच होते, पण त्यामुळे ओर्काच्या आज्ञा कुठे चालायच्या, कुठे चालायच्या नाहीत, आणि लॅपटॉपच्या मांडणीत ओर्काची कळ म्हणून वापरायची कॅप्स लॉक भलतेच काही करून बसायची. मार्च २०२५ मध्ये आलेल्या नोम ४८ ने या दुखण्यावर खरा उपाय केला, आणि डेबियन १३ मध्ये हाच नोम ४८ आहे. मी तीन आठवडे त्यावर काम केले. कॅप्स लॉकसकट सर्व आज्ञा ठरल्याप्रमाणे चालल्या.

असे असूनही माझ्या रोजच्या यंत्रावर माटे आहे, आणि नव्याने शिकणाऱ्याला मी अजून तोच सुचवीन. ऑल्ट आणि एफ१ दाबले की मेनू उघडतो, बाणांनी खाली-वर करता येते, डेस्कटॉपवरच्या वस्तू अक्षर दाबून सापडतात. विंडोजवर शिकलेल्या माणसाच्या मनात संगणकाचा जो नकाशा असतो त्याच्याशी हे जुळते. नोममध्ये आधी शोधायचे आणि मग उघडायचे अशी रीत आहे. ज्याला प्रोग्रामचे नाव ठाऊक आहे त्याला ती झपाट्याची वाटते. ज्याला ठाऊक नाही तो चाचपडतो. मात्र माटे अजून एक्स११ वर चालतो, आणि एक्स११ चा काळ सरत आला आहे, हे ध्यानात ठेवून नोमची ओळख करून घ्यायला आताच सुरुवात केलेली बरी.

रोजच्या वापरात फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिबरऑफिस रायटर आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) या चार ठिकाणी माझा नव्वद टक्के दिवस जातो, आणि चारही ठिकाणी ओर्का भरवशाचा आहे. वेबपानावर एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर, के दाबून दुव्यावरून दुव्यावर, टी दाबून तक्त्यावर जाता येते. एनव्हीडीए वापरलेल्या माणसाला इथे नवीन काही शिकावे लागत नाही. फॉर्म भरताना इन्सर्ट आणि ए दाबून वाचनाच्या पद्धतीतून लेखनाच्या पद्धतीत जाता येते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये मोठ्या तक्त्यांवर ओर्का थोडा रेंगाळतो. इलेक्ट्रॉन या प्रोग्राम बनवण्याच्या साधनावर बेतलेले काही प्रोग्राम मुद्दाम सुगम्यतेचा पर्याय देऊन सुरू केल्याशिवाय अजिबात बोलत नाहीत आणि क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनावर बेतलेल्या काहींसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सिस्टीममधली एक सेटिंग, लावावे लागते. हे एकदा करून ठेवले की पुन्हा पाहावे लागत नाही, पण ज्याने कधी टर्मिनल उघडलेले नाही त्याला हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणार नाही, आणि ‘हा प्रोग्राम आपल्यासाठी नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून तो मोकळा होईल.

मराठीच्या बाबतीत कौतुकही आहे आणि खंतही. ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज मुळातच आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही, आणि मराठी आवाज लावलेला असताना मध्ये रोमन लिपीतला इंग्रजी शब्द आला तर तो इंग्रजी पद्धतीनेच उच्चारला जातो. मिश्र मजकूर वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना याची किंमत कळेल. मात्र आवाज यांत्रिक आहे, आणि मराठी लिपीने न दाखवलेले भेद त्याला कळत नाहीत. ‘चार माणसे’ यातला ‘चार’ आणि ‘गाईला चारा घाल’ यातला ‘चारा’ यांच्या ‘च’मध्ये आपण फरक करतो; ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांत तर शब्द अक्षरशः एकच आणि उच्चार दोन. ईस्पीक दोन्हीकडे एकच उच्चार करते. ओर्काच्या सेटिंग्जमध्ये उच्चारांचा शब्दकोश आहे, त्यात मी नेहमीचे काहीशे शब्द सुधारून घेतले आहेत, पण ‘जग’सारख्या शब्दापुढे त्याचाही इलाज चालत नाही. कथा-कादंबरी ऐकायला हा आवाज मी कुणाला सुचवणार नाही. कामाचा मजकूर वेगाने तपासायला त्याच्याइतका चपळ आवाज दुसरा नाही, कारण वेग खूप वाढवला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत.

मराठी टंकलेखनासाठी आयबस ही टंकलेखनाची व्यवस्था आणि तिचे एम१७एन हे जोडपॅकेज घेऊन इन्स्क्रिप्ट मांडणी लावावी. फोनेटिक मांडणीत अक्षर पूर्ण ठरेपर्यंत ते अधांतरी राहते आणि ओर्का त्यावर कधी बोलतो, कधी बोलत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये एक कळ दाबली की एक चिन्ह उमटते आणि लगेच ऐकू येते. शिवाय ही मांडणी स्पर्शाने शिकणाऱ्याला फार सोयीची आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ज्या दोन कळांवर बोटांना उंचवटा लागतो त्यांतली डावी म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि उजवी म्हणजे ‘र’. विंडोजवर इन्स्क्रिप्ट शिकलेल्याची बोटे इथे फारशी अडत नाहीत. डेस्कटॉपची भाषा मात्र मी इंग्रजीच ठेवली आहे, कारण मराठी भाषांतर अपुरे आहे आणि निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी मेनू ऐकताना लक्ष विचलित होते.

मराठी वाचकाला सतत भेटणारी आणखी एक अडचण म्हणजे स्कॅन केलेली परिपत्रके आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनवलेल्या पीडीएफ. स्कॅनमध्ये वाचण्यासारखा मजकूरच नसतो आणि जुन्या फाँटच्या फाइलमधून स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरे मिळतात. डेबियनच्या भांडारात टेसरॅक्ट हे ओसीआरचे, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखण्याचे, साधन मराठीच्या प्रशिक्षित डेटासह उपलब्ध आहे, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा एकदम सांगून फाइल त्यातून काढली, की स्वच्छ छापलेल्या पानाचा मजकूर बऱ्यापैकी शुद्ध मिळतो. जोडाक्षरांत चुका राहतात, तक्ते विस्कटतात. तरीही परिपत्रक कशाबद्दल आहे हे कळण्यासाठी आता मला कुणाला वाचून दाखवायला सांगावे लागत नाही.

आता ज्या कारणासाठी मी डेबियनला सर्वांत वर ठेवतो त्याकडे येतो. डेस्कटॉप बिघडला, एखाद्या अद्ययावतीनंतर ओर्का उठलाच नाही, तर काय करायचे? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मी कन्सोलवर, म्हणजे केवळ मजकुराच्या पडद्यावर, जातो, आणि तिथे ओर्काशी काहीही संबंध नसलेला दुसरा स्क्रीन रीडर बोलत असतो. त्याचे नाव स्पीकअप. तो थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असतो. अनेक वर्षे प्रायोगिक विभागात राहिल्यानंतर २०२० मध्ये त्याला कर्नलमध्ये कायमची जागा मिळाली. अंकांच्या पॅडवर ८ दाबले की चालू ओळ, ७ ने मागची, ९ ने पुढची. ५ ने शब्द, २ ने अक्षर. तेवढ्यावर मी लॉग वाचतो, पॅकेज परत बसवतो आणि डेस्कटॉप पुन्हा उभा करतो. ज्यांच्याकडे ब्रेल डिस्प्ले आहे त्यांच्यासाठी १९९५ पासून विकसित होत असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम इन्स्टॉलरपासूनच उपलब्ध आहे, आणि मजकुराचे ब्रेल करणाऱ्या लिबलुई या सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा ब्रेल तक्ताही आहे.

यातही उणिवा आहेत. कन्सोलचा आवाज आणि डेस्कटॉपचा आवाज एकाच साऊंड कार्डावर हक्क सांगतात, आणि कधी कधी एकाने ते धरून ठेवले की दुसरा गप्प होतो. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली असेल तर यंत्र चालू होताना पासवर्ड विचारला जातो तो क्षण अजूनही मुका आहे. पंख्याचा आवाज स्थिरावला की मी अंदाजाने पासवर्ड टाइप करतो. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या माणसाला कूटबद्धता टाळता येत नाही, म्हणून ही उणीव मला फार सलते.

इतरांविषयी थोडक्यात. फेडोरामध्ये ओर्का आणि नोम अगदी ताजे मिळतात, पण एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार असतो, आणि दर वर्षी सिस्टीम हलवण्याची जोखीम मला नको वाटते. डेबियनला तीन वर्षांचा पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षांचा दीर्घकालीन आधार आहे. आर्चच्या स्थापनेतही आवाज मिळतो, पण ती जाणत्याचीच वाट आहे. मुख्यतः दृष्टिहीनांसाठी बनवलेली विनक्स आणि सोनार ही डिस्ट्रिब्यूशन्स एके काळी नावाजलेली होती. मोजक्या माणसांच्या श्रमांवर उभी होती आणि ते श्रम थांबले तशी तीही थांबली. म्हणूनच मी मोठ्या, सर्वसाधारण प्रकल्पात सुगम्यता शोधतो. याला एक अपवाद आवर्जून सांगतो : केरळमधून येणारे ॲक्सेसिबल कोकोनट. उबुंटू माटेवर बेतलेल्या या डिस्ट्रिब्यूशनमध्ये छापील मजकूर वाचणारे लिओस आणि सहा कळांनी ब्रेल पद्धतीने टाइप करण्याची सोय आधीच बसवलेली असते. शाळकरी मुलासाठी किंवा ज्याला काहीच जुळवत बसायचे नाही अशा माणसासाठी मी ते डेबियनच्याही आधी सुचवीन.

ज्याचे कार्यालय विंडोजवरच्या एखाद्या ठरावीक प्रोग्रामवर किंवा एक्सेलच्या मॅक्रोंवर चालते, त्याने मात्र विंडोज सोडू नये. तिथला एनव्हीडीए स्वतः मुक्तस्रोत आहे आणि उत्तम आहे. दान म्हणून मिळालेल्या जुन्या संगणकांबाबतही सावध राहावे. ३२ बिटच्या यंत्रावर डेबियन १३ बसवता येत नाही. आणि कुणीही सुरुवातीलाच असलेली सिस्टीम पुसू नये : डेबियनची लाइव्ह (न बसवता चालणारी) प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, आपले खरे काम, म्हणजे आपली बँक, आपला मेल, आपली मराठी फाइल, आठवडाभर त्यावर करून पाहावे.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका दृष्टिहीन मित्राकडे आम्ही फोनवरून डेबियन बसवले. त्याचा लॅपटॉप माझ्याच मॉडेलचा असल्यामुळे मुक्या मेनूतल्या कळा मी मोजून सांगितल्या, आणि त्यानंतर त्याने फोन लॅपटॉपच्या स्पीकरशेजारी ठेवून दिला. इन्स्टॉलर प्रश्न वाचत होता, तो क्रमांक टाइप करत होता, मी इकडे चहा घेत ऐकत होतो. विभाजनाच्या प्रश्नावर तो थांबला, पर्याय दोनदा ऐकले, आणि मला न विचारता ‘होय’चा क्रमांक टाइप केला. पाऊण तासाने ओर्काने लॉगिनच्या पानावर त्याचे नाव वाचले.